मिस्साला येताना काय घालावं? सोलापुरातल्या नवीन बहिणींसाठी

आमच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिक सामुदायिक उपासनेला, सतत कुणी ना कुणी नवीन बहीण येत असते. कुणी कॅथलिक घरात लग्न करून आलेली असते, कुणी स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, तयारी करत असते, कुणी नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेली असते, तर कुणी फक्त मैत्रिणीच्या लग्नापुरती. प्रार्थना कधी म्हणायची, कधी उठायचं, कधी बसायचं, हे त्या सिस्टरांना बिनधास्त विचारतात. कपड्यांचं विचारायला मात्र लाजतात. मग मोबाईलवर फिरणाऱ्या याद्या वाचतात आणि घाबरतात. गुडघ्याखाली इतके इंच, गळ्याखाली इतकी बोटं, बाही कोपराखालीच हवी, जीन्स घातली तर पाप. एक मुलगी तर या भीतीनं दोन रविवार दारातूनच परत गेली होती. हा लेख अशा बहिणींसाठी आहे.

आधी नियम किती, ते बघून घ्या

आज लागू असलेली चर्चची धर्मसंहिता, म्हणजे चर्चच्या कायद्यांचं पुस्तक, 1983 ची आहे. धर्मगुरूंनी योग्य पोशाख करावा असं तिच्या 284 व्या कलमात आहे आणि व्रतस्थ सिस्टर-ब्रदरांनी आपल्या संघाचा वेष घालावा असं 669 व्या कलमात. संसारी बाईनं काय नेसावं यावर तिच्यात एकही कलम नाही. त्याआधीच्या, म्हणजे 1917 च्या संहितेत मात्र होतं. 1262 व्या कलमाप्रमाणे चर्चमध्ये पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं होतं, स्त्रियांनी डोकं झाकायचं होतं आणि मर्यादशील पोशाख करायचा होता, विशेषतः ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात येशूचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला वेदीजवळ जाताना. नवीन संहिता आली तेव्हा जुनी रद्द झाली आणि हे कलमही तिच्याबरोबर गेलं.

1930 साली रोमहून जगभरच्या बिशपांना स्त्रियांच्या पोशाखाविषयी एक कडक सूचनापत्र गेलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात जी फॅशन आली, तिच्याबद्दलची ती काळजी होती. मोबाईलवरच्या याद्या लिहिणारे बहुतेक त्याच काळाचा आधार घेतात. त्या जुन्या पत्रांना हसू नये. त्यामागची तळमळ खरी होती आणि ती आजही चर्चची आहे. पण 1930 च्या युरोपसाठी दिलेली सूचना सोलापूरच्या बाईला आज इंचपट्टीसारखी लावायची, असं चर्च कुठेही सांगत नाही.

मग सांगतं काय? ते वाचायचं असेल तर 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ उघडा आणि 2521 ते 2524 हे चार परिच्छेद बघा. दहा मिनिटांत वाचून होतात. शालीनता हा संयमाचा भाग आहे आणि माणसाच्या आत जे खासगी, जपण्याजोगं आहे त्याचं ती रक्षण करते, हे तिथलं मुख्य सूत्र. कपड्यांची निवड त्यातूनच होते. शरीराची असते तशी भावनांचीही शालीनता असते, असंही तिथे आहे, म्हणजे काय उघड करायचं आणि काय राखून ठेवायचं याचा विवेक. आणि 2524 व्या परिच्छेदात सांगितलंय की शालीनतेची रूपं संस्कृतीप्रमाणे बदलतात, पण ती सगळीकडे असते, कारण माणसाला स्वतःची प्रतिष्ठा आतून जाणवत असते.

त्याच ग्रंथातला 1387 वा परिच्छेद थेट मिस्साबद्दल आहे. ख्रिस्तप्रसाद घेताना आपल्या हालचालींतून आणि पोशाखातून त्या क्षणाचा आदर, गांभीर्य आणि आनंद दिसावा. यातल्या आनंदाकडे लक्ष द्या. चर्चला जायचं म्हणजे उदास, विटके कपडे घालायचे, असं काही नाही. येशू आपला पाहुणा म्हणून येणार, त्या भेटीसाठी आपण तयार होतो.

आमच्याकडे कुठल्या पाटीवर मापं लिहिलेली नाहीत. रोमला सेंट पीटर बासिलिकात जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायकांचे आणि पुरुषांचेही. एवढी खूण लक्षात ठेवली तर सोलापुरातही ती पुरते.

घरातून निघण्यापूर्वी

मिस्सा म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. तासाभरात आपण कितीदा तरी उठतो, बसतो, गुडघे टेकतो. आत शिरल्यावर ख्रिस्तप्रसाद ठेवलेल्या पेटीसमोर उजवा गुडघा जमिनीला लावतो. शांतीचा नमस्कार करायला मागे वळतो, ख्रिस्तप्रसादासाठी दोन्ही हात पुढे करतो. गावाकडच्या वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये बाकं नसतात, सतरंजीवर मांडी घालून बसावं लागतं. म्हणून कपडे घातल्यावर घरातच आरशासमोर हे सगळं एकदा करून बघा. गुडघे टेका, पुढे वाका, मांडी घालून बसा, हात वर करा. हे करताना कुठे ओढावं लागलं, सावरावं लागलं, पुढून किंवा पाठीमागून काही उघडं पडलं, तर तो कपडा त्या दिवसापुरता बदला. तुमचं अर्धं लक्ष पदराकडे आणि अर्धं वेदीकडे राहिलं तर मिस्सा हातातून निसटते. माझ्या मते कपड्याची खरी कसोटी हीच आहे: एकदा अंगावर चढवला की तो विसरता आला पाहिजे.

सोलापूरच्या बाईला यासाठी फार धडपड करावी लागत नाही. सुती साडी, इरकल, साधा पंजाबी ड्रेस, लांब कुर्ता, हे सगळं आपल्या कपाटात असतंच. साडी नेसणार असाल तर तीन ठिकाणं तपासा. ब्लाउजचा पाठीमागचा गळा फार खोल असेल तर पदर खांद्यावरून मागे घ्या. पोट उघडं राहत असेल तर साडी जरा वर नेसा. आणि खांद्यावर पिन लावा, नाहीतर गुडघे टेकून उठताना पदर घसरतोच. पारदर्शक शिफॉन, जॉर्जेट नेसताना आतला परकर आणि अस्तर बघून घ्या. चर्चच्या दारातून ऊन मागून येतं तेव्हा घरातल्या ट्यूबलाइटमध्ये न दिसलेलं दिसतं.

ओढणी हवीच का, हा पंजाबी ड्रेस घालणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. सक्ती नाही. कुर्ता सैल आणि नीट गळ्याचा असेल तर ओढणीशिवायही चालतं. पण सोलापुरात बहुतेकजणी घेतात आणि एक ओढणी पर्समध्ये असली की तिचा उपयोग होतोच.

उन्हाचं काय? एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत जाड कपड्यात कोंडून घेऊन चक्कर आणण्यात काहीही पुण्य नाही. पातळ सुती कापड, सैल शिलाई, फिके रंग. बिनबाह्यांचा ड्रेस घालू नये असं लिहिलेलं कुठे नाही, पण आपल्या इथल्या वयस्कर बायकांना ते चर्चमध्ये खटकतं आणि वेदीजवळ जाताना आपल्यालाही अवघडल्यासारखं होतं. त्यावर सुती ओढणी किंवा पातळ श्रग घेतला की प्रश्न मिटतो. चैत्रातल्या उन्हात संध्याकाळची मिस्सा असेल तर ती गाठा.

जीन्स घालून आलेल्या मुलीला माझं एकच सांगणं असतं: ये. स्वच्छ, न फाटलेली, फार घट्ट नसलेली जीन्स आणि मांडीपर्यंतचा कुर्ता यात कुणाचं काही बिघडत नाही. फाटक्या गुडघ्यांची जीन्स, क्रॉप टॉप, शॉर्ट्स, अंगाला चिकटलेली लेगिंग आणि वर आखूड टॉप, हे मात्र मिस्सासाठी नको. टी-शर्टवर काय छापलंय तेही वाचा. अर्थ न बघता घेतलेल्या इंग्रजी वाक्यांचे टी-शर्ट आपल्या बाजारात ढिगानं मिळतात.

चपलांबद्दल थोडं. भारतासाठी उपासनेतल्या काही स्थानिक पद्धतींना रोमनं 1969 साली मान्यता दिली. जमिनीवर बसणं, हात जोडून नमस्कार करणं आणि पादत्राणं काढणं हे त्यात आहे. म्हणून काही ठिकाणी चपला दाराबाहेर काढतात, काही ठिकाणी नाही. बाकीचे काय करतात ते बघा आणि तसं करा. पैंजण घातलेत तर निःशब्द प्रार्थनेच्या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांपर्यंत जातो, हे ध्यानात असू द्या. उग्र अत्तर नको, बाजूच्या बाकावर दमेकरी आजी असू शकते.

स्कूटीवरून येताना आपण तोंडाला स्कार्फ बांधतो, गॉगल लावतो. आत येण्यापूर्वी दोन्ही काढा.

डोक्यावरून पदर

यावर थोडं थांबते, कारण नवीन बहिणींचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक सासू म्हणते पदर घे, दुसरी म्हणते ते आता राहिलं नाही, आणि इंटरनेटवर युरोप-अमेरिकेतल्या मुली जाळीदार लेस डोक्यावर घेऊन बसलेल्या दिसतात.

मूळ आहे बायबलमध्ये, संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात. प्रार्थना करताना बाईनं डोकं झाकावं असं तो तिथल्या मंडळीला लिहितो. शतकानुशतकं चर्चनं हे पाळलं. 1976 साली रोमहून निघालेल्या एका जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं गेलं की ही त्या काळच्या चालीरीतींमधून आलेली, कमी महत्त्वाची प्रथा होती आणि तिचं बंधन आता नाही. 1983 च्या संहितेत हे कलम आलंच नाही. तेव्हा डोकं उघडं ठेवून मिस्साला येणारी बाई कुठलाही नियम मोडत नाही.

पण बंधन गेलं म्हणजे प्रथा वाईट ठरली असं नाही. आपल्याकडे देवासमोर, वडीलधाऱ्यांसमोर पदर घेण्याची रीत जुनीच आहे. आमच्याकडच्या कित्येक जुन्या बायका मिस्सा सुरू झाली की पदर वर घेतात आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन परत येईपर्यंत तो तसाच असतो. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नसतं. बाजूच्या प्रॉटेस्टंट मंडळीतल्या बहिणींकडेही प्रार्थनेला पदर घेण्याची सवय दिसते. तुमच्या मनाला त्यातून भक्ती वाटत असेल तर जरूर घ्या. आपली ओढणी आणि पदर त्या कामाला पुरेसे आहेत, परदेशी लेस मागवायची काही गरज नाही. मनाला वाटत नसेल तर घेऊ नका. एकच जपा: घेणारीनं न घेणारीला कमी लेखू नये आणि न घेणारीनं घेणारीला जुनाट म्हणू नये. मी दोन्ही पाहिलंय आणि दोन्ही तितकंच दुखवतं.

पुरुषांनी टोपी, फेटा, हेल्मेट काढून आत यायचं असतं. नवऱ्याला, भावाला सोबत आणत असाल तर त्यांनाही सांगून ठेवा. बर्म्युडा आणि बनियनसारखे टी-शर्ट त्यांनाही शोभत नाहीत. शालीनतेचं सगळं ओझं बायकांच्या पदराला बांधायचं आणि पुरुषांनी अर्ध्या चड्डीत मागच्या बाकावर बसायचं, हे मला अजिबात पटत नाही, आणि धर्मशिक्षणग्रंथही शालीनतेचं आवाहन बाई-पुरुष असा भेद न करता करतो.

वेदीजवळ जाताना

दोन्ही हात मोकळे ठेवा. पर्स बाकावर कुणाजवळ तरी द्या, पदर कमरेला खोचा. हातावर ख्रिस्तप्रसाद घेणार असाल तर मेंदी चालते, ओले किंवा तेलकट हात चालत नाहीत. लिपस्टिक गडद असेल तर आधी टिपून घ्या, विशेषतः गुड फ्रायडेला, कारण त्या दिवशी सगळेजण एकाच क्रूसाचं चुंबन घेतात. अजून स्नानसंस्कार झालेला नसेल तर ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो. त्या वेळी बाकावर बसून प्रार्थना करावी, यात काही अपमान नाही.

शास्त्रपठण करायला किंवा गायला पुढे उभ्या राहणार असाल तर रोजच्यापेक्षा थोडी जास्त काळजी घ्या. तिथे सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असतात, आणि वाचताना लोकांनी शब्द ऐकावेत, साडीची जर बघू नये.

पांढऱ्या रंगाचा पेच

सोलापुरात हा प्रश्न खरोखर घर पेटवतो, म्हणून सविस्तर सांगते. कॅथलिक लग्नात नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये किंवा पांढऱ्या साडीत दिसते. मुलीचं माहेर कॅथलिक नसेल तर तिच्या आईच्या पोटात गोळा येतो, कारण आपल्याकडे पांढरी साडी म्हणजे विधवेची. मी अशा आईला मंडपात रडताना पाहिलंय. तर ऐका: नवरीनं पांढरंच घालावं असा चर्चचा कुठलाही नियम नाही. लाल शालू, हिरवा चुडा, पैठणी, काहीही चालतं. मधला मार्ग काढायचा तर मोतिया किंवा क्रीम रंगाची, लाल-सोनेरी काठाची साडी दोन्ही घरांना गोड लागते. मंगळसूत्राला फादर आशीर्वाद देतात, त्यात छोटा क्रूस ओवून घेणाऱ्याही पुष्कळजणी आहेत.

स्नानसंस्काराच्या वेळी पांढऱ्याला अर्थ आहे. संत पौल गलतीकरांना लिहितो की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्त परिधान केला आहे, आणि त्याची खूण म्हणून नवं शुभ्र वस्त्र देतात. मोठ्या माणसांच्या विधीत मात्र स्थानिक रीतीप्रमाणे वेगळा रंगही घेता येतो. तेव्हा तिथेही घरच्यांशी बोला, फादरांशी बोला, भांडण करू नका.

टिकली आणि बांगड्यांबद्दल विचाराल. बांगड्यांना कुणाची हरकत नाही. टिकलीचं घरोघरी वेगळं आहे: काही कॅथलिक बायका लावतात, काही टाळतात. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या बहिणीनं ती सौंदर्य म्हणून लावायची की पूजेची खूण म्हणून तिच्या मनात ती बसलेली आहे, हे तिनं आपल्या मनाशी बघावं. हा निर्णय शेजारणीनं घ्यायचा नाही.

अंत्यविधीला साधे, फिके कपडे. राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात झगमग टाळतात. फादरांचा झगा जांभळा असतो म्हणून आपणही जांभळंच घालावं असं काही नाही. नाताळला मनसोक्त नटा.

पौलाला खरं काय खटकत होतं

स्त्रियांच्या पोशाखावर बोलताना सगळेजण तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढतात. नववी-दहावी ओवी नीट वाचून बघा. संत पौल शालीन, संयमी पोशाखाबद्दल बोलतो आणि लगेच कशाला नको म्हणतो? गुंफलेले केस, सोनं, मोती, महागडी वस्त्रं. संत पेत्राच्या पहिल्या पत्रातही केस गुंफणं, सोन्याचे दागिने आणि भारी कपडे यांच्यावर शोभा अवलंबून नसावी, मनाच्या सौम्य आणि शांत वृत्तीवर असावी, असंच आहे. म्हणजे प्रेषितांच्या डोळ्यांत आधी खुपत होता तो डामडौल. आपण त्या ओव्या वाचतो आणि गुडघ्याची उंची मोजत बसतो, सोन्याच्या भाराबद्दल मात्र गप्प राहतो.

सोलापुरात याची झळ मला दरवर्षी दिसते. आपल्या शहरात हजारो बायका विड्या वळतात, यंत्रमागाच्या आणि गणवेश शिवण्याच्या कामाला जातात. त्यांच्यातल्या काहीजणी आपल्या चर्चमध्येही आहेत. नाताळच्या मिस्साला नवी साडी नाही म्हणून घरी बसलेली बाई मला माहीत आहे. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. पुढच्या बाकांवरची जरीची रांग बघून तिचं तिलाच वाटलं. संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे: सोन्याची अंगठी घातलेल्या, भारी कपड्यांतल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला "तू तिथे उभा राहा". याकोब याला भेदभाव म्हणतो, आणि फार कडक शब्दांत.

म्हणून नवीन बहिणींना माझा आग्रह आहे: मिस्सासाठी नवं काही विकत घेऊ नका. धुतलेली, इस्त्री केलेली जुनी साडी उत्तम. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत जायचंच असेल तर महिन्याच्या खर्चात बसेल तेवढंच. मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या फ्रॉकसाठी कर्ज काढणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगते, मोठ्या बहिणीचा किंवा मैत्रिणीचा फ्रॉक मागून घ्या. आमच्याकडे एकीचा फ्रॉक दुसरीला जातो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

चर्चबाहेर, रोजच्या आयुष्यात

रविवारी पदर आणि सोमवारी काहीही, असं दुहेरी आयुष्य चर्चला अपेक्षित नाही. पण सोमवारी मिस्साचेच कपडे घालून हिंडा, असंही नाही. इथे जुन्या-नव्या शिक्षकांचं म्हणणं कामी येतं.

तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी पोशाखाच्या मर्यादेवर लिहिलंय. आपण ज्या लोकांत राहतो त्यांची रीत सोडून वागणं आणि कपड्यांचा हव्यास धरणं, ही दोन्ही टोकं त्यांनी दाखवली. पण त्याचबरोबर गबाळेपणालाही दोष दिला, आणि साध्या, मळक्या कपड्यांतूनही मोठेपणा मिरवता येतो असा इशारा दिला. हे शेवटचं फार खरं आहे. "मी किती साधी" हे दाखवण्यासाठी साधं राहणं हाही एक नखराच.

पोप बारावे पायस यांनी 8 नोव्हेंबर 1957 रोजी फॅशनच्या क्षेत्रातल्या लोकांपुढेच भाषण केलं. कपड्यांची तीन कामं त्यांनी सांगितली: शरीराचं रक्षण, लज्जारक्षण आणि शोभा. शोभेला त्यांनी या यादीत जागा दिली, हे पुष्कळांना माहीत नसतं. बाईनं छान दिसावं यात चर्चला काही वावगं वाटत नाही.

आणि पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेले कॅरोल वोयतिला यांनी 1960 साली लिहिलेल्या पुस्तकात प्रसंगाचं भान समजावलंय. पोहण्याच्या जागी पोहण्याचा पोशाख अशालीन नाही, तोच रस्त्यावरून हिंडताना अशालीन ठरतो. यातून रोजचे कितीतरी प्रश्न सुटतात. मुलगी कबड्डी खेळते, धावते, पोहायला शिकते, तर त्या खेळाचा पोशाख तिनं घालावा. जिममध्ये ट्रॅक पँट घालावी. मैदानावरून घरी येताना वर काहीतरी चढवावं. रुग्णालयात नर्सचा गणवेश, कारखान्यात ओढणी यंत्रात अडकणार नाही असा बेत. यंत्रमागाजवळ लोंबती ओढणी जिवावर बेतू शकते, तिथे शालीनतेच्या नावाखाली कुणी हट्ट धरू नये.

कलकत्त्याच्या मदर तेरेसांचं उदाहरण मला फार आवडतं. 1948 मध्ये त्यांनी युरोपीय पद्धतीचा वेष सोडून निळ्या काठांची पांढरी सुती साडी घेतली, तिथल्या गरीब बायका नेसत तशी स्वस्त. त्यांच्या संघाच्या साड्या टिटागढला कुष्ठरोगी विणतात. त्या साडीत अंग झाकण्याइतकाच गरिबांशी जवळीक ठेवण्याचा विचार होता. कापड विणणाऱ्या शहरातल्या आपल्याला हे लवकर कळायला हवं.

फोटोंबद्दलही बोलायला हवं. चर्चमध्ये पदर घेणारी मुलगी रात्री मोबाईलवर कसले फोटो टाकते, हे तिच्या आईला माहीत नसतं. मुलींना ओरडून उपयोग नाही. तो फोटो कुणाला दाखवायचा आहे आणि बघणाऱ्यानं तुझ्याबद्दल काय समजावं असं तुला वाटतं, एवढं तिला शांतपणे विचारा. धर्मशिक्षणग्रंथ जपायला सांगतो ते हेच, आतलं. तिचं उत्तर ऐकून घ्या, लगेच निकाल देऊ नका.

कुणी बोललं तर, कुणाला बोलायचं असेल तर

येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वासनेच्या नजरेबद्दल बोलतो तेव्हा तो बघणाऱ्या पुरुषाला जाब विचारतो. समोरच्या बाईनं काय घातलं होतं हा विषयच तो काढत नाही. रस्त्यात, बसमध्ये, चर्चच्या आवारात कुणी त्रास दिला तर दोष त्रास देणाऱ्याचा. "कपडेच तसे होते" हे वाक्य कॅथलिक शिकवणीतलं नाही आणि कुणी ते धर्माच्या नावावर खपवू लागलं तर मान्य करू नका. फादरांना सांगा, सिस्टरांना सांगा, गरज पडली तर पोलिसांत जा.

नवऱ्यानं किंवा सासूनं शालीनतेच्या नावाखाली डांबून ठेवलं, काय घालायचं ते मारून ठरवलं, तर तोही धर्म नव्हे. अशा वेळी एकटीनं सहन करू नका.

आणि तुम्ही जुन्या झाल्यावर तुमच्यापुढेही कधीतरी आखूड स्कर्ट घालून आलेली नवी मुलगी येईल. तेव्हा मिस्सा चालू असताना काही बोलू नका, डोळे वटारू नका. बाजूला सरकून तिला जागा द्या, गुडघे टेकताना अवघडलेली दिसली तर आपली ओढणी पुढे करा. मिस्सानंतर चहा पिताना नाव विचारा, कुठे राहते विचारा. कपड्यांचा विषय पहिल्या भेटीत काढायचाच नाही. दोन-तीन रविवारांत ती आपोआप इतरजणींना बघून शिकते, आणि नाहीच शिकली तर तोवर तुमची ओळख झालेली असते, तेव्हा एकटीला, प्रेमानं सांगता येतं. कपड्यांवरून ख्रिस्तप्रसाद नाकारण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. धर्मगुरूंनाही योग्य रीतीनं मागणाऱ्याला आणि मनाची तयारी असणाऱ्याला संस्कार नाकारता येत नाहीत, असं संहितेचं 843 वं कलम सांगतं.

पहिल्यांदा येणार असाल तर मिस्साच्या वेळेआधी पंधरा मिनिटं या आणि मधल्या बाकांपैकी एखादं धरा. पुढचं बाक धरलं तर कधी उठायचं, कधी बसायचं ते कळत नाही, आणि अगदी मागे बसलं तर नीट ऐकू येत नाही. दाराशी सिस्टर किंवा एखादी वयस्कर बाई उभी असेल, तिला सांगा की मी नवीन आहे. ती तुम्हाला शेजारी बसवून घेईल. आणि पर्समध्ये ओढणी ठेवायला विसरू नका.